मामाचे गाव आणि आईचा वाटा

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतून मामाच्या गावावर एखादा तरी ललितलेख असतोच. त्यात आमराई असते, आड असतो, रात्री माळवदावर अंथरलेली गोधडी असते आणि अखेरीस 'ते दिवस गेले' असा सुस्कारा असतो. विद्यार्थी मित्रहो, या लेखांशी माझे भांडण नाही. ते खरेच असतात. परंतु ते सारे आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून लिहिलेले असतात, आणि लिहिणारा वीस वर्षांचा झाला तरी त्याची नजर तेथून वर उठत नाही. ज्या सुट्टीला आपण 'आपली' म्हणतो ती मुळात आईची होती. आपण तिच्या पदराला धरून गेलो होतो.

ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यामुळे मामाच्या गावाला आगगाडीनेच जायचे असते असे साऱ्या महाराष्ट्राला वाटते. आपल्या जालना जिल्ह्यात निजामाच्या काळातला रूळ बदनापूर, जालना, परतूर असा जातो. भोकरदन, जाफराबाद, अंबड, मंठा ही गावे त्यापासून दूरच राहिली. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांच्या मामाचे गाव एस. टी.च्या फाट्यावर उतरून पुढे पायी, नाहीतर बैलगाडीने गाठायचे. आता फाट्यावर ॲपे रिक्षा उभी असते एवढाच फरक.

त्याहून जुनी रीत वेगळी होती. लेक आपल्या मनाने माहेरी निघत नसे. तिला न्यायला मुराळी यावा लागे. बहुधा भाऊच, नाहीतर भावाचा मुलगा. सासरच्यांनी 'न्या' म्हटले तर निघायचे, नाहीतर मुराळी पाणी पिऊन परत. उन्हाळा संपत आला की बोळवण. तिला साडीचोळी, पोरांना सदरे, आणि पिशवीत वानोळा: तुरीची डाळ, शेवया, कुरडया, चार गावरान आंबे. ती पिशवी सासरच्या ओट्यावर उघडली जाई तेव्हा माहेरची पत ठरत असे. या साऱ्यात माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला त्यात हिशेबही दिसतो. जिचे नाव शेताच्या कागदावर नाही, तिला त्या शेताचे पीक वर्षातून एकदा पिशवीभर मिळते, आणि त्याबद्दल तिने बारा महिने माहेरचे गुण गायचे.

कागदाची गोष्ट मात्र आता पालटली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला मुलाप्रमाणेच जन्मापासून वडिलोपार्जित मिळकतीत धरले. परंतु ज्यांची लग्ने त्याआधी झाली होती त्यांना वगळले, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या आया बाहेरच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली. आणि त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत का, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला की, तशी गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या सुटतात. कायद्याचे म्हणणे इतके स्वच्छ आहे.

गावात काय होते? आजोबा वारले की तलाठी वारसांची नोंद घेतो आणि त्यात लेकींची नावेही लागतात. मग काही महिन्यांनी मामाचा फोन येतो. "ताई, एकदा येऊन जा, सहीचं काम आहे." ताई जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होते. त्यात राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय असे शब्द असतात, आणि दबाव खरोखरच कोणी टाकलेला नसतो. फक्त साऱ्यांना ठाऊक असते की वाटा मागितला तर पुढच्या मे महिन्यात मुराळी येणार नाही. पोरांचे मामाचे गाव सुटेल. म्हणजे आपल्या त्या आमराईचे, त्या माळवदाचे भाडे आईने आपला हिस्सा सोडून भरलेले असते. ललितलेखांत हे का येत नाही?

कोणी म्हणेल, मामाचीही बाजू आहे. आहे, आणि ती हलकी नाही. आपल्याकडची शेती बहुतांशी कोरडवाहू, त्यात तीन-चार एकरांचे तुकडे. त्याचे बहिणींत वाटे केले तर कोणाच्याच हाती काही येत नाही. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळले त्याने, कर्ज काढले त्याने. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. लेकरांसारखी वाढवलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला लावली. त्या भावाकडे कायद्याचे पुस्तक घेऊन उभे राहायला बहिणीची जीभ रेटत नाही, हे मी समजू शकतो.

आणि मामी? गाण्यातली मामी सुगरण आहे, एवढेच आपल्याला माहीत. मे महिन्यात आपल्याकडे आड तळाला जातात, टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत नणंद आणि तिची तीन पोरे महिनाभर आली म्हणजे रोज चार घागरी जास्त. भाकरीचे पीठ जास्त, धुणे जास्त, आणि त्यातच वाळवणाचा मोसम. पोरे आडावर अंघोळीला जाऊन शेंदलेले पाणी एकमेकांवर उडवतात, आणि पुढे वीस वर्षांनी त्यावर लेख लिहितात. शिवाय ज्या दिवसांत नणंद माहेरी येते त्याच दिवसांत मामीलाही माहेरी जायचे असते. ती जाणार कशी? घरात पाहुणे आहेत. तिची पोरे त्यांच्या मामाच्या गावाला आखाडात जातील, शाळा बुडवून, दोन दिवस. एकीचे माहेरपण दुसरीच्या कंबरेवर उभे असते, ही गोष्ट आपण मुलग्यांनी कधी पाहिलेलीच नाही, कारण तांब्या भरून हातात येत होता.

अलीकडे ही सुट्टी महिन्याची चार दिवसांवर आली आहे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. आई अर्ध्या तिकिटात, बारा वर्षांखालची पोरे अर्ध्या तिकिटात, तरीही मुक्काम लांबत नाही. याचे खापर मोबाइलवर आणि शिकवणी वर्गांवर फोडायची पद्धत आहे. ते काही अंशी खरे असेल. पण मला वाटते, सही होऊन गेल्यावर बहिणीच्या मनातच काहीतरी आक्रसते. ती जाते, पण पाहुणी म्हणून जाते. आधी ती स्वयंपाकघरात शिरून डबे उघडत असे. आता ओट्यावर बसून चहा येण्याची वाट पाहते.

मामाशी भांडा असे मला सुचवायचे नाही. वाटा घ्यायचा की सोडायचा हे आईने ठरवावे; पण ठरवण्यापूर्वी किती आणि कशावर हे तिला कळावे, आणि सोडलाच तर तो तिने दिला असे घरात मोठ्याने म्हटले जावे. 'तिचं तिकडं चांगलं आहे' या वाक्याने तो गिळला जाऊ नये. वाटा मागणाऱ्या बहिणीला गावाने हावरी ठरवावे आणि तोच घेऊन बसलेल्या भावाला कर्ता म्हणावे, हे मला पटत नाही. आणि आपण, म्हणजे ते भाचे, आता मोठे झालो आहोत. उन्हाळ्यात मामाकडे गेलो तर घागर आपण उचलावी. मामी आठ दिवस माहेरी गेली तर भाकरी आपल्याला येत नाही, पण खिचडी टाकता येते.

सातबारा हल्ली ऑनलाइन दिसतो. मामाच्या गावाचा गट नंबर ठाऊक असेल तर उघडून पाहावा. कमी झालेल्या नावावर तेथे आडवी रेष मारलेली असते आणि जवळ फेरफाराचा क्रमांक. त्या रेषेखाली आईचे नाव आहे का, ते पाहावे. आणि असल्यास, त्या सहीच्या दिवशी घरी परतल्यावर ती काय बोलली होती, हे तिला एकदा विचारावे.