सागाचे आयुष्य आणि साहेबांचा कार्यकाळ

मार्च २०२३मध्ये बल्लारपूरच्या आगारातून श्रीराममंदिरासाठी सागवान वाजतगाजत अयोध्येकडे निघाले, तेव्हा साऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीची मान अभिमानाने उंचावली. ते पुरविणारे वन विकास महामंडळ ही राज्य शासनाच्या मालकीची कंपनी. शोभायात्रेच्या जल्लोषात या कंपनीच्या कारभाराचा विचार कुणाच्या मनात आला नसेल. पण तो व्हायला हवा.

१९७४ साली महामंडळ स्थापन झाले, हीच मुळात एक नवी कल्पना होती. शासकीय खात्याला बँकेचे कर्ज घेता येत नाही, कंपनीला येते. त्या भांडवलातून कमी उत्पन्नाच्या मिश्र वनांच्या जागी सागाची लागवड करावी, अशी दिशा राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२मध्ये दाखविली होती. कल्पना धाडसी होती; मात्र यशाचे माप ठरले ते घनमीटर आणि कोटी रुपये. मोह, चार, तेंदू यांवर वनवासी कुटुंबाची वर्षाची बेगमी अवलंबून असते. ताळेबंदात त्यांना रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही, त्याच्यासाठी नवे काही शोधावे असे कोणत्या अधिकाऱ्याला वाटणार?

दुसरा दोष कालगणनेचा. उत्तम इमारती साग तयार होण्यास सहा-सात दशके लागतात. म्हणजे महामंडळाने आरंभी लावलेली रोपेसुद्धा अजून पुरती वयात आलेली नाहीत. याउलट व्यवस्थापकीय संचालक येतो तो वनसेवेतून प्रतिनियुक्तीवर, आणि बदलीचा आदेश त्याच्या पाठोपाठच असतो. ज्याचे फळ चौथ्या-पाचव्या उत्तराधिकाऱ्याच्या नावावर जमा होणार, असा प्रयोग तो कशासाठी अंगावर घेईल? फसला तर चौकशी, साधला तर शाबासकी दुसऱ्याला! लिलाव वेळेवर पार पाडणे हेच मग कर्तृत्व ठरते. यात व्यक्तीला दोष देण्याचे कारण नाही. प्रामाणिक आणि जाणकार अधिकारी या खात्याला अनेक लाभले आहेत.

याच परिसरात नवा विचार घडला, तो मात्र कंपनीबाहेर. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. तिथे ना भांडवल होते, ना वातानुकूलित दालन. निर्णय घेणारे आणि त्याचे परिणाम भोगणारे लोक एकच होते, एवढाच काय तो फरक. त्यांची नातवंडेही त्याच वनात राहणार आहेत.

महामंडळाला हे अशक्य नाही. संचालकाला किमान पाच वर्षांची निश्चिती द्यावी, वार्षिक अहवालात घनमीटरांच्या शेजारी वनोपजाचा हिशेब छापावा आणि संचालक मंडळावर ज्यांच्या शिवारात कूप पडतात त्या ग्रामसभांचे दोन प्रतिनिधी घ्यावेत. पहिल्या दोन गोष्टी मंत्रालयातल्या एका सहीने होतील. तिसरीला मात्र खुर्च्या सरकवाव्या लागतील.