शुगर, डोळ्याचा पडदा आणि एआय: बीबीसारख्या गावात ही तपासणी कधी पोहोचणार?

घरातल्या कुणाला शुगर असेल तर ग्लुकोमीटर, गोळ्या, पथ्य हे सगळं तुमच्या ओळखीचं असेल. आता एक प्रश्न. बाबांच्या किंवा आईच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली? चष्म्याच्या नंबराची नाही, पडद्याची. बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर नसतं. आणि हा आजार नेमका तिथेच फावतो.

गेल्या काही वर्षांत डोळ्याच्या पडद्याचा फोटो बघून मधुमेहाचं नुकसान ओळखणारं एआय तयार झालंय. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग तर आपल्या मुंबईत, साध्या महापालिका दवाखान्यांत झाला. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात ही तपासणी अजून बीपी मोजण्याइतकी नेहमीची का नाही? एकेक करून समजून घेऊ.

आधी पडद्यावर काय होतं ते बघू

फोनच्या कॅमेऱ्यात जसा सेन्सर असतो तसा डोळ्यात मागच्या बाजूला पडदा असतो. त्याला रेटिना म्हणतात. या पडद्याला केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं रक्त पुरवतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरायला लागतात. भिंत कमकुवत झाली की जागोजागी बारीक फुगे येतात. ही पहिली खूण.

पुढे हे फुगे फुटतात किंवा झिरपतात. पडद्यावर रक्ताचे ठिपके आणि चरबीचे पिवळे डाग दिसू लागतात. झिरपलेलं पाणी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे साचलं, तर नजर धूसर होते. काही वाहिन्या बंदही पडतात. मग उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या वाढवण्याचा रासायनिक निरोप पाठवतो. नव्या वाहिन्या येतात, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या तर डोळ्यात एकदम रक्त उतरतं. त्यांच्यासोबत वाढलेल्या तंतूंनी पडदा ओढला गेला तर तो जागेवरून सुटतो.

या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. तो फसवा आहे, कारण सुरुवातीला काहीच दुखत नाही आणि नजरही चांगली असते. ‘मला तर स्पष्ट दिसतंय’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या पडद्यावरही नुकसान सुरू झालेलं असू शकतं. चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावर ते कळत नाही.

किती जणांचा प्रश्न आहे?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘स्मार्ट इंडिया’ या अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांत रेटिनोपॅथी सापडली. ४ टक्के लोकांत ती नजर जाण्याच्या पातळीवर होती. म्हणजे असे १,००० रुग्ण तपासले तर सव्वाशे जणांना आजार आणि त्यातल्या ४० जणांची नजर धोक्यात.

प्रत्येक मधुमेहीचा पडदा वर्षातून एकदा तपासला जावा असा सल्ला दिला जातो. पण पडदा तपासणारे तज्ज्ञ मुख्यतः शहरांत बसतात. एवढ्या माणसांचे पडदे तेवढ्याच डॉक्टरांनी दरवर्षी बघायचे, हे गणित जमत नाही. एआयची गरज इथून सुरू होते.

मुंबईच्या दवाखान्यातला प्रयोग

२०१९ मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींच्या पडद्याचे फोटो स्मार्टफोनवर बसवलेल्या खास कॅमेऱ्याने काढले गेले. फोटो काढणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कर्मचारी होते. कॅमेरा बेंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचा होता आणि निदान करणारं ‘मेडिओस’ हे एआय फोनवरच चालत होतं. इंटरनेटची गरज नव्हती.

निकाल काय? एकूण २१३ लोकांपैकी १५ जणांचा आजार डॉक्टरकडे पाठवण्याइतका पुढे गेलेला होता. एआयने पंधराही जण पकडले. उरलेल्या १९८ पैकी ८८.४ टक्के लोकांना ‘पाठवायची गरज नाही’ असं बरोबर सांगितलं. पण साधारण २३ जणांना गरज नसताना पुढे पाठवायला सांगितलं.

हेडलाइन होते ‘१०० टक्के अचूक’. पण थांबा. १५ पैकी १५ हा निकाल चांगला असला तरी १५ हा आकडा लहान आहे. अभ्यासकांनी स्वतःच दिलेल्या हिशोबात खरी क्षमता ७८ टक्क्यांपर्यंत खालीही असू शकते.

दुसरी बाजू चुकीच्या इशाऱ्यांची. समजा एका भागात १,००० मधुमेही तपासले आणि त्यात ७० जणांना खरोखर पुढे पाठवायला हवं. मुंबईचाच दर धरला तर उरलेल्या ९३० पैकी सुमारे १०८ जणांनाही एआय ‘डॉक्टरकडे जा’ म्हणेल. म्हणजे १७८ जण शहराची वाट धरतील आणि त्यातले १०८ ‘काही नाही’ ऐकून परत येतील. आजार सुटण्यापेक्षा हे बरंच. पण रोजंदारी बुडवून, एसटीने जालना किंवा बुलढाणा गाठून आलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येईल का?

प्रयोगशाळेबाहेर काय होतं?

याचा धडा थायलंडने दिला. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सव्वा लाखाहून जास्त फोटोंवर शिकवलेलं एआय जगासमोर आणलं. त्या कामात मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय सहभागी होते. पुढे अशी यंत्रणा थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत वापरली गेली. २०२० च्या अहवालात संशोधकांनी मोकळेपणाने लिहिलं की २१ टक्के फोटो यंत्रणेने नाकारले, कारण दर्जा पुरेसा नव्हता. खोलीत पुरेसा अंधार नाही, रुग्णांची रांग लागलेली, इंटरनेट रेंगाळतंय. फोटो नाकारला की रुग्णाला तज्ज्ञाकडे जायला सांगायचं, मग आजार असो वा नसो.

आपल्याकडे हे कसं दिसेल, डोळ्यासमोर आणा. दुपारी लाइट गेलेली, खिडकीला पडदा नाही, समोर मोतीबिंदू असलेल्या आजी. मोतीबिंदूमुळे फोटो धूसर येणारच. म्हणून गावासाठी यंत्रणा निवडताना ‘अचूकता किती’ याच्या आधी तीन प्रश्न विचारायला हवेत. नेटशिवाय चालते का? किती फोटो नाकारते? आणि ‘पाठवा’ म्हटलेला रुग्ण नक्की कुठे जाणार?

सरकार काय करतंय?

डिसेंबर २०२५ मध्ये ‘मधुनेत्र एआय’ या यंत्रणेवर आधारलेला तपासणी कार्यक्रम सुरू झाला. त्यात सशस्त्र दलांची वैद्यकीय सेवा, दिल्लीच्या एम्सचं डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्र आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालय एकत्र आहेत. पहिल्या टप्प्यात सात ठिकाणं निवडली आहेत, त्यात महाराष्ट्रातली पुणे आणि मुंबई ही दोन. हातात धरायच्या कॅमेऱ्याने फोटो, एआयने छाननी आणि गरज असेल तर पुढे उपचार, अशी रचना आहे. दिशा बरोबर आहे. विदर्भातलं एकही ठिकाण मात्र या यादीत नाही.

खरं तर गावात अर्धी व्यवस्था आधीच आहे. तिशीपुढच्या लोकांची शुगर आणि बीपी तपासण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. शुगर सापडलेल्या माणसाचं नाव यादीत येतं. त्याच यादीला पडद्याचा फोटो जोडायचा, एवढंच पुढचं पाऊल आहे. कॅमेरा महिन्यातून एक दिवस गावात फिरवला तरी चालेल, कारण ही तपासणी वर्षातून एकदाच लागते.

अवघड भाग त्यानंतरचा आहे. लेझर किंवा डोळ्यातली इंजेक्शनं यांनी नजर वाचवता येते. पण इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला जावं लागू शकतं. एआय आजार शोधून देईल, पण दर महिन्याचा तो प्रवास आणि बुडालेली मजुरी एआय भरून देणार नाही. जिल्ह्याच्या पातळीवर उपचारांची सोय नसेल तर तपासणी म्हणजे फक्त वाईट बातमी देणारं मशीन ठरेल.

तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे?

सगळ्यात आधी, ‘सेल्फीवरून डोळ्याचा आजार ओळखा’ म्हणणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. साध्या फोन कॅमेऱ्याला बुबुळातून आत शिरून पडदा दिसत नाही. त्यासाठी खास लेन्स आणि प्रकाशाची रचना लागते.

मोठ्या वयात होणाऱ्या टाइप २ मधुमेहात निदान झालं त्याच वेळी पडद्याची पहिली तपासणी करायची, कारण शुगर कळायच्या आधीपासून वाढलेली असू शकते. टाइप १ मध्ये साधारण पाच वर्षांनी सुरू करतात. मधुमेह असलेल्या ताई किंवा वहिनी गरोदर असतील तर डॉक्टरांना लवकर विचारा, त्या काळात आजार वेगाने वाढू शकतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर स्पष्ट सांगा, ‘नंबर नाही, पडदा तपासायचाय.’ बाहुली मोठी करणारे थेंब घालतील, मग काही तास धूसर दिसतं. म्हणून बाबांना एकटं बाइकवर पाठवू नका, सोबत जा. रिपोर्टचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वर्षीची तारीख तिथेच फोनमध्ये रिमाइंडर म्हणून टाका. शुगरसोबत बीपीही ताब्यात हवं, दोन्हींचा भार त्याच बारीक वाहिन्यांवर पडतो.

आणि अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, डोळ्यासमोर सावली किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर रिमाइंडरची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बीबीत कॅमेरा कधी येईल ते धोरण ठरवेल. पण गावात पुढच्या वेळी शुगर तपासणीचं शिबिर लागलं की तिथे विचारा, ‘पडद्याची तपासणी का नाही?’ हा प्रश्न पुरेशा गावांतून आला, तर पुढच्या यादीत फक्त मोठी शहरं राहणार नाहीत.