फोंतेन्हास कुणासाठी राखायचे?

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत कॅफे आणि हेरिटेज हॉटेले आली म्हणूनच जुनी घरे वाचली, असे हल्ली ठासून सांगितले जाते. एखाद्या जुन्या रहिवाशाने यावर नाराजी दाखवली, की तो आठवणींत अडकलेला, प्रगतीच्या आड येणारा ठरतो. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. म्हणूनच तो नीट खोडून काढला पाहिजे.

खरा अर्धा भाग असा. गोव्याच्या पावसात कौलारू छपराची शाकारणी चुकत नाही, वासे वाळवी पोखरते, पावसाळा सरला की भिंतींना पुन्हा रंग काढावा लागतो. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्ध जोडप्याला हा खर्च झेपत नाही, हॉटेलवाल्याला झेपतो. काही पडकी घरे या पैशाने उभी राहिली, हे मान्य.

पण ती पडकी झाली कशामुळे? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा सांगणाऱ्या गोव्याच्या कायद्यात मुलगे-मुली सारखेच वारस असतात. तत्त्व उत्तमच आहे. मात्र १९६१ च्या गोवामुक्तीनंतर एक भाऊ लिस्बनला, दुसरा मुंबईला, बहीण आखातात, अशी कुटुंबे पांगली आणि दोन-तीन पिढ्यांत एकेका घराला अनेक मालक झाले. मोठी दुरुस्ती काढायची तर सगळ्यांची संमती मिळवता मिळवता वर्षे जातात. भाड्याच्या घरांची कथा वेगळी: १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, पण जुन्या तुटपुंज्या भाड्यात छपराचा खर्च कसा निघणार? अशी घरे रहिवाशांच्या बेफिकिरीने खचलेली नाहीत. कागदांचा गुंता सोडवायला ज्याच्याकडे वकील आणि पैसा असतो, त्याच्या हाती ती अलगद पडतात. याला वारसा वाचवणे म्हणायचे का?

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. ही वस्ती मुळात बाहेरच्यांचीच, मग आज बाहेरच्यांबद्दल तक्रार कशाला? मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेरा यांच्या माडांच्या बागेत ही वस्ती वाढली. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, तसे अधिकारी आणि कारकून इथे बिऱ्हाड थाटू लागले. हे सगळे खरे. पण ते राहायला आले! १८१८ च्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधले सण, शेजारच्या मळा भागातल्या मारुतीची जत्रा, सकाळी दारात येणारा पोदेर (पाववाला) हे सारे राहत्या माणसांमुळे टिकले. रहिवाशाला नवा शेजारी नको आहे असे नाही. शेजारीच नसलेले, दर दोन रात्रींनी पाहुणे बदलणारे घर त्याला नको आहे. आपल्याच पायरीवर अनोळखी लोक फोटोसाठी पोझ देताना पाहून त्याचा जीव गुदमरतो. म्हणून तर तिथल्या भिंतींवर फोटो काढू नका, अशा पाट्या लागल्या.

उरला मालकी हक्क. घर विकण्याचा हक्क कुणीही नाकारत नाही. राहत्या घराची खानावळ किंवा लॉज होते, तेव्हा मात्र पाणी, सांडपाणी, पार्किंग आणि रात्रीचा गोंगाट यांचा भार सगळ्या गल्लीवर पडतो. तिथे गल्लीचे मत विचारलेच पाहिजे.

यावर उपाय नाही असेही नाही. ज्या लिस्बनशी फोंतेन्हासची नाळ जोडली जाते, तिथल्या पालिकेने २०१८ मध्ये आल्फामा, मोरारियासारख्या जुन्या वस्त्यांत पर्यटकांसाठीच्या घरांची नवी नोंदणी थांबवली. २०२८ च्या अखेरीपर्यंत अशा सदनिकांचे सगळे परवाने संपवण्याचे बार्सिलोनाने जाहीर केले आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. त्याच नोंदणीच्या आधारे प्रत्येक गल्लीत पर्यटकांना द्यायच्या घरांची मर्यादा ठरवता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो घरात राहतो त्याला घरपट्टीत सूट, छपरासाठी अनुदान आणि वारसांचे दावे मिटवायला सरकारी वकिलाची मदत द्यावी. हॉटेलवाल्याला जे पैशाने साधते, ते रहिवाशाला हक्काने मिळायला हवे.

पणजी महापालिकेने आणि पर्यटन खात्याने नवा परवाना देण्याआधी फोंतेन्हासच्या रहिवाशांची सभा बोलवावी. आणि महाराष्ट्रातून तिथे हौसेने जाणाऱ्या वाचकांनी घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या दारात कॅमेरा काढू नये.