त्र्याहत्तर सीडी आणि मामाचं खोकं

माझ्या मामाची चिखलीजवळच्या एका गावात साऊंड सर्व्हिस होती. दोन भोंगे, आहुजाचा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि चार माईक. जयंती असो, सप्ताह असो की निवडणुकीचा प्रचार, आवाज मामाचाच. त्याला एक खोड होती. कार्यक्रम रंगायला लागला की तो अ‍ॅम्प्लिफायरला टेपरेकॉर्डर जोडायचा आणि बटण दाबून द्यायचा.

मागच्या दिवाळीत ते खोकं माळ्यावरून खाली आलं. ६२ कॅसेटी. कव्वालीचे मुकाबले, कीर्तनं, भजनी मंडळांच्या स्पर्धा. निम्म्यांच्या टेपवर पांढरी बुरशी. लेबलवर बहुतेक ठिकाणी एकच शब्द, ‘भारी’. कुणाचा कार्यक्रम, कुठला, कधीचा, काही नाही. मामी भंगारवाल्याला द्यायला निघालीच होती. "कायले पाहिजे वं तुले हा पसारा?"

मला मात्र दुसरंच एक खोकं आठवत होतं. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडनं १९७२ मध्ये युरोपचा दौरा केला, २२ मैफली वाजवल्या. २०११ मध्ये त्या सगळ्याच्या सगळ्या मैफली ७३ सीडींच्या एका पेटीत निघाल्या. पेटी प्रवासी ट्रंकेसारखी, प्रती ७,२००, आणि सगळ्या विकल्या गेल्या. आता तुम्ही म्हणाल, तीच तीच गाणी २२ वेळा कोण ऐकतं? पण मजा तिथंच आहे. हा बँड १९६५ ते १९९५ वाजवत राहिला आणि कोणत्या रात्री काय वाजेल, एखादं गाणं किती लांबेल, हे आधी ठरलेलंच नसायचं. म्हणून प्रत्येक रात्र वेगळी.

ज्यांनी कुणी आपल्याकडे रात्रभर बसून कव्वालीचा मुकाबला ऐकलाय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. समोरची पार्टी सवाल टाकते, त्यावर जागच्या जागी जवाब बांधायचा. त्या गावाचं, तिथल्या माणसांचं नाव गाण्यात गुंफायचं. पहाटेपर्यंत गाणं कुठल्या कुठं गेलेलं असतं. कंपनीच्या कॅसेटवर यातली पाच-सहा मिनिटं आली असतील. बाकीची रात्र आली तर मामासारख्याच्या टेपवर आली, नाहीतर गेली.

त्या बँडच्या मैफली टिकल्या यामागे ऐकणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, बँडनं त्यांना हाकललं नाही. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी मैदानात वेगळी जागाच ठेवली. अट एकच, कॅसेटींची अदलाबदल करा, विकू मात्र नका. आणि ही मंडळी प्रत्येक कॅसेटवर तारीख, ठिकाण, गाण्यांचा क्रम लिहायची. (मामानं एवढं केलं असतं तर!) अर्थात तिथंही सगळं सुरळीत नव्हतं. बेटी कँटर या त्यांच्या साऊंड इंजिनीअर. त्यांनी केलेल्या उत्तम टेप भाड्याच्या गोदामात पडून होत्या. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये सामान लिलावात गेलं. त्यांनी टेप केलेली ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेली, पण तिची अधिकृत सीडी निघायला २०१७ उजाडलं. म्हणजे भंगारात जाता जाता वाचलेलं खोकं त्यांच्याकडेही आहेच.

आणि आपला जिल्हा या बाबतीत अडाणी आहे असं कुणी समजू नये. जी. एन. जोशी आपल्या खामगावचे. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३० च्या दशकात रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीताचं युग तिथून सुरू झालं असं मानतात. म्हणजे कवी बुलडाणा जिल्ह्याचा, गायकही बुलडाणा जिल्ह्याचा. हेच जोशी पुढे एचएमव्हीत गेले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची रेकॉर्ड त्यांच्याच देखरेखीत निघाली आणि परदेशातल्या रॉक ऐकणाऱ्या पिढीनंही ती डोक्यावर घेतली. माझ्या वर्गातल्या किती जणांना हे माहीत होतं? मलाही इंटर्नशिपला लागल्यावरच कळलं.

तर माझं म्हणणं असं की आपल्या खोक्यांसाठी कुठल्या मोठ्या कंपनीची वाट बघण्यात अर्थ नाही. मास कॉमचं शेवटच्या वर्षाचं सबमिशन आपण इंटरनेटवरून ढापतो (मीही ढापलंय). त्याऐवजी एक खोकं घ्यायला काय हरकत आहे? चालू टेपरेकॉर्डर, दहा फुटांची वायर, लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर, एवढंच लागतं. बुरशीची कॅसेट मात्र आधी लावू नका, हेड खराब होतं आणि ती घाण पुढच्या कॅसेटला लागते. वेळ जातो हे खरं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, पळवता येत नाही. आमच्या ३० धड कॅसेटींना ४५ तास लागतील. सध्या ११ झाल्यात.

अवघड काम पुढेच आहे. हे गाणं कुणाचं? मामानं टेप केलं म्हणून मामाचं होत नाही, माझं तर नाहीच. १९९४ पासून आपल्या कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे आणि आता त्याची मुदत ५० वर्षं आहे. त्यामुळे थेट अपलोड करून व्ह्यूज मिळवणं मला पटत नाही. आधी गाणाऱ्याचं घर शोधायचं, त्याला किंवा त्याच्या मुलाबाळांना पूर्ण कॅसेट ऐकवायची, प्रत द्यायची, मग विचारायचं. ते नाही म्हणाले तर नाही. आमच्या वर्गातल्या एकाचं म्हणणं, एवढ्या भानगडीत कोण पडतं, वेचक गाणी काढ, खरखर साफ कर, रील टाक. खरखर कर बाबा कमी, पण गाण्यांच्या मधलं काहीही कापायला माझा विरोध आहे. बक्षिसांची पुकारणी, ‘ढोलकीवाल्याला पाणी द्या’, हरवलेल्या पोराची अनाउन्समेंट, हे सगळं राहू दे. बेसूर झालेलं गाणंही राहू दे. ‘ग्रेटफुल डेड’सुद्धा काही रात्री वाईट वाजवायचे, त्यांचे चाहतेच सांगतात.

गेल्या रविवारी अकरावी कॅसेट लावली. लेबलवर फक्त ‘भारी’. मामा शेजारी बसून कोणती पार्टी ते ओळखत होता, साल मात्र त्याला काही केल्या आठवेना. दुसऱ्या गाण्यानंतर पुकारा झाला, गावच्या सरपंचांकडून ढोलकीवाल्याला ५१ रुपये. मामानं टेप थांबवायला सांगितली. "थांब वं. हा एकच टर्म होता सरपंच." मग त्यानं बोटांवर वर्षं मोजली आणि माझ्याकडे पेन मागितला.