यंत्र आपले, किल्ली परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणकप्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला. परंतु प्रणालीत आढळणारी छिद्रे बुजविण्याचे काम तिच्या निर्मात्यानेच सोडून दिल्यावर ते यंत्र इंटरनेटला जोडणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाणार, हे उघड होते. कंपनीने घरगुती ग्राहकांना एक वर्षाची सशर्त मुदतवाढ देऊ केली आणि कायमचा उपाय म्हणून ‘विंडोज ११’कडे बोट दाखविले. या नव्या प्रणालीच्या अटी मात्र २०२१ सालीच ठरलेल्या होत्या : टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, किमान ६४ जीबी साठवण आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे २०१७ नंतरचा. या अटींत न बसणाऱ्या यंत्राचा पडदा, कळफलक आणि बॅटरी शाबूत असली, तरी कंपनीच्या लेखी त्याचे आयुष्य संपले.

या अटींचा भार समाजातील सर्व थरांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी दर तीन-चार वर्षांनी नवा लॅपटॉप येतो, त्याला हा बदल जाणवतही नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेली तेव्हा पोटाला चिमटा घेऊन दुकानातला सर्वांत स्वस्त, हलका लॅपटॉप ज्यांनी आणला, त्यांची गोष्ट वेगळी आहे. अशा अनेक लॅपटॉपांत दोन किंवा चार जीबी मेमरी आणि ३२ जीबी साठवण असते, आणि ती बहुधा मुख्य पाटीवरच डकविलेली असल्याने वाढविता येत नाही. त्या ३२ जीबीतील मोठा हिस्सा विंडोजच व्यापते. नवी आवृत्ती उतरवून घ्यायची तर मुलाच्या वह्या आणि छायाचित्रे पुसून जागा करावी लागते. म्हणजे यंत्र घेतले कुटुंबाने, पण त्यातील जागा कशाला द्यायची आणि ते किती दिवस वापरायचे, हे ठरविते कंपनी. हा प्रश्न तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो मालकीचा आहे.

हे यंत्र भंगारात घालण्याखेरीज एक मार्ग आहे. विंडोज काढून त्या जागी लिनक्स बसविणे, हा तो मार्ग होय. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा तयार केला आणि पुढच्याच वर्षी तो ‘ग्नू’च्या सार्वजनिक परवान्याखाली खुला केला. या परवान्याचे मर्म थोडक्यात सांगता येते. हे सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, उघडून अभ्यासावे, बदलावे आणि वाटावे. परंतु जो बदलून वाटेल त्याने पुढच्या माणसालाही तेच हक्क दिले पाहिजेत. खेड्यातले गायरान जसे सर्वांच्या चराईला मोकळे असते, पण कोणी कुंपण घालून ते आपल्या सातबाऱ्यावर चढवू शकत नाही, तशीच ही व्यवस्था आहे. ती केवळ फुकट आहे म्हणून महत्त्वाची नाही; तिला कुंपण घालता येत नाही, म्हणून महत्त्वाची आहे.

लिनक्स बसविण्याची क्रिया वाटते तितकी गूढ नाही. दुसऱ्या एखाद्या संगणकावर लिनक्सची योग्य आवृत्ती उतरवून पेनड्राइव्हवर चढवायची. जुन्या, अशक्त यंत्रासाठी लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती अशी हलकी प्रणाली निवडायची. लॅपटॉप सुरू होतानाच एफ-२ किंवा एफ-१२ यांसारखी कळ दाबून तो पेनड्राइव्हवरून चालू करायचा. बहुतेक आवृत्त्यांत मूळ प्रणालीला हात न लावता लिनक्स चालवून पाहता येते. वायफाय, आवाज आणि पडद्याची उजळणी नीट चालते की नाही हे आधी तपासावे, आपला मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवावा आणि मगच कायमची बसवणूक करावी. कारण संपूर्ण साठवण लिनक्सला दिली की जुने सारे पुसले जाते. हे काम सहसा तासाभरात उरकते. पंधरा-वीस जीबीत प्रणाली, लिब्रेऑफिस आणि ब्राउझर मावतात. इनस्क्रिप्ट कळफलक आणि युनिकोड देवनागरी यांची सोय तीत असते.

मात्र प्रत्येक स्वस्त लॅपटॉप हा प्रवेश सुखासुखी देतो असे नाही, आणि येथेच मालकीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०११ साली बाजारात आलेल्या क्रोमबुकचे उदाहरण बोलके आहे. गूगलची क्रोमओएस ही प्रणाली लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे. तरीही क्रोमबुकवर सर्वसाधारण लिनक्स कायमचे बसवायचे, तर प्रथम ‘डेव्हलपर’ अवस्थेत जावे लागते आणि बहुतेक यंत्रांत मूळ फर्मवेअरही बदलावे लागते. त्यासाठी जुन्या यंत्रांत लेखनबंदीचा एक स्क्रू काढावा लागे, तर नंतरच्या अनेक यंत्रांत बॅटरीची जोडणी सोडवावी लागते. शिवाय या यंत्रांना देखभालीची अंतिम तारीख असते, आणि ती ग्राहकाने खरेदी केल्या दिवसापासून नव्हे, तर ती यंत्रमालिका प्रथम बाजारात आली त्या दिवसापासून मोजली जाते. दुकानात पडून राहिलेले यंत्र स्वस्तात घेणाऱ्या शाळेचे आयुष्य असे आधीच कापलेले असते. बरीच टीका झाल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत नेली. सवलत स्वागतार्ह खरी. पण जे देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, त्याला हक्क म्हणता येत नाही. गाभा लिनक्सचा असूनही किल्ली कंपनीपाशी राहू शकते, हा या उदाहरणाचा धडा आहे.

दुसरा धडा थोडा जुना आहे. स्वस्त आणि हलक्या लॅपटॉपची लाट प्रथम आली ती लिनक्सवरच. २००७ च्या अखेरीस तैवानच्या आसुस कंपनीने ‘ई पीसी’ आणला : सात इंचांचा पडदा, ५१२ एमबी मेमरी, ४ जीबी साठवण, वजन किलोच्या आत आणि प्रणाली लिनक्सची. त्याच वर्षी ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचे लिनक्सवर चालणारे छोटे संगणक रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेतही पोहोचले होते. विंडोजची तेव्हाची नवी ‘व्हिस्टा’ आवृत्ती इतक्या लहान यंत्रांना पेलणारी नव्हती. तेव्हा एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने, जी ‘एक्सपी’ आवृत्ती ती बाजारातून काढून घेत होती, तिला केवळ या स्वस्त यंत्रांपुरते जीवदान दिले. मे २००८ मध्ये मुलांच्या त्या लॅपटॉपवरही एक्सपी बसविण्याचा करार जाहीर झाला. पाहता पाहता छोट्या लॅपटॉपांचा बाजार विंडोजकडे गेला. स्पर्धेचे भय ओसरल्यावर २००९ मध्ये या यंत्रांसाठी ‘विंडोज ७ स्टार्टर’ आले. त्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालविण्याची अट घालण्याचे ठरले होते. ओरड झाली म्हणून ती मागे घेतली गेली, परंतु पडद्यावरचे पार्श्वचित्र बदलण्याची मुभा मात्र ग्राहकाला मिळाली नाही. ग्राहक गरीब आहे म्हणून त्याला भिंतीचा रंगही निवडू न देणारा हा घरमालक होता.

भांडवल थोडे आणि माणसे पुष्कळ अशा देशाने लहान यंत्राची कास धरावी, असा आग्रह डॉ. राममनोहर लोहियांनी धरला होता. किलोभर वजनाचा, सामान्य माणसाच्या आवाक्यातला संगणक हे आपल्या काळातील लहान यंत्रच म्हटले पाहिजे. परंतु यंत्र लहान झाले म्हणजे मक्तेदारी आपोआप मोडते असे नाही. लहान यंत्राच्या आत मोठ्या मक्तेदारीचे कुलूप असू शकते, आणि एकट्या-दुकट्या हौशी तरुणाने घरी बसून ते उघडल्याने बाजाराची रीत बदलत नाही. लिनक्स असलेले स्वस्त लॅपटॉप २००८ नंतर मागे पडले, यामागे ही उणीव मोठी होती. यंत्राबरोबर शिक्षक नव्हते, दुरुस्ती करणारे नव्हते, आणि परीक्षा व नोकरी दोन्ही दुसऱ्याच प्रणालीची ओळख मागत होत्या.

ही उणीव केरळने ओळखली. तेथे २००१ साली ‘आयटी@स्कूल’ हा शालेय संगणकशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यातही एकाच कंपनीच्या प्रणालीचा वरचष्मा होता. त्याविरुद्ध शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते उभे राहिले. पुढे शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि अखेरीस दहावीची माहिती-तंत्रज्ञानाची परीक्षाही लिनक्सवर आली. २०१७ मध्ये या कार्यक्रमाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. ती शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते, आणि २०१८ पासून हजारो वर्गांना दिलेले लॅपटॉप त्याच आवृत्तीवर चालतात. केरळच्या शिक्षकांपाशी काही विलक्षण तांत्रिक प्रतिभा होती असे नाही. त्यांनी परीक्षा बदलली, म्हणून शिक्षण बदलले. आणि शिक्षण बदलले, म्हणून यंत्र बिघडल्यास ते दुरुस्त करणारी माणसे गावोगाव तयार झाली.

महाराष्ट्रात हे का होऊ नये? भारत सरकारने २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. ज्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांतील लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आणली, तिचे मुख्यालय पुण्यात आहे. आणि तरीही आपल्याकडे ‘संगणक शिकणे’ याचा अर्थ आजवर बव्हंशी एका कंपनीची विंडोज आणि तिचेच ऑफिस शिकणे असा झाला आहे. सायकल शिकविण्याच्या नावाखाली एका कारखान्याचीच सायकल शिकवावी आणि दुसरी दिसली की मुलाने भ्यावे, तसा हा प्रकार आहे.

लिनक्सच्या वाटेत अडचणी नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुकानदाराचा टॅलीचा हिशेब विंडोजवर चालतो. मराठी छपाईच्या व्यवसायात युनिकोडपूर्व फाँटांत साठलेला मजकूर मोठा आहे आणि तो लिनक्सवर सहज उलगडत नाही. काही प्रिंटर आणि वायफायचे सुटे भाग आडमुठेपणा करतात. फार जुन्या यंत्रांना तर लिनक्सच्या जगातही जागा कमी होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनने आपल्या नव्या आवृत्तीत ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी बसवणुकीची सोय ठेवली नाही. फरक एवढाच, की तेथे एका गटाने काम थांबविले तरी दुसऱ्याने ते उचलण्यास कोणाची मनाई नसते. विंडोज १० च्या बाबतीत ती मनाई आहे. तिचा मूळ संकेत कुलुपात आहे आणि कितीही कुशल माणूस तिला परस्पर जगवू शकत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक संगणकावर मालकाला हवी ती प्रणाली बसविता आली पाहिजे, ही अट शासनाच्या आणि जिल्हा परिषदांच्या निविदांत घालावी. संगणकाची परीक्षा पत्र लिहिता येते का, तक्ता मांडता येतो का, हे पाहणारी असावी. अमुक कंपनीची खूण कोठे आहे हे विचारणारी नसावी. विंडोज १० ची मुदत संपली म्हणून शाळेचा एकही संगणक तपासणीविना भंगारात जाऊ नये. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांकडून तालुक्या-तालुक्यात लिनक्स बसविण्याची शिबिरे घेता येतील. त्यासाठी लागतात ते काही पेनड्राइव्ह, एक खोली आणि शिकविण्याची इच्छा असलेला एखादा शिक्षक. ज्या मुलीच्या आईने चार वर्षांपूर्वी हप्त्याने लॅपटॉप घेतला, तिचे हप्ते फिटले आहेत. आता त्या यंत्राची किल्लीही तिच्या हाती आली पाहिजे.