शब्द एकटा शिकवू नका

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. ऊन ओसरलेच नाही, तर ती तारीखही पुढे ढकलावी लागते. हेच वाक्य नागपुरातल्या मराठी माध्यमाच्या वर्गाला इंग्रजीत लिहायला सांगा. हुशार मुलेही ‘पुश अहेड’ लिहितील. इंग्रजीत लांबलेली तारीख ‘पुश बॅक’ होते. ‘पुश अहेड’ म्हणजे अडचणींना न जुमानता काम चालू ठेवणे. ‘पुश म्हणजे ढकलणे’ हे मुलांना पाठ असते, आणि तिथेच आपले शिकवणे थांबते.

बंद पडलेल्या गाडीला आपण धक्का मारतो. आपल्या मुलांच्या कानांवर हिंदीतले ‘धक्का मारना’ही सतत पडते, त्यामुळे ‘मारणे’ दुहेरी पक्के होते. इंग्रजीत मात्र धक्का ‘गिव्ह’ करायचा असतो : ‘गिव्ह द कार अ पुश’. मागणीसाठी रेटा लावायचा तर ‘पुश फॉर’, विधेयक रेटून मंजूर करून घ्यायचे तर ‘पुश थ्रू’, भाव चढवायचे तर ‘पुश अप’. ‘दार लोटून घे’ म्हणजे आपल्याकडे दार बंद कर. ‘पुश द डोअर’ ऐकून माणूस बहुधा ते उघडेल. या जोड्या तर्काने सापडत नाहीत, ऐकून-वाचूनच कळतात.

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांनीच हे आधी ओळखले. हॅरॉल्ड पामर यांनी टोकियोत १९३३ मध्ये अशा शब्दजोड्यांवर अहवाल लिहिला. तिथेच १९४२ मध्ये हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश निघाला. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी मजकुरातून ५०० उतारे, सुमारे १० लाख शब्द, संगणकावर आणले. आपण इंग्रजी प्रत्यक्षात कसे लिहितो, याचा तो महाराष्ट्रात उभा राहिलेला पुरावा आहे. शिक्षक-प्रशिक्षणात त्याला जागा मिळायलाच हवी.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे शब्द जोडीने शिकवायला आपल्याला सगळी शालेय वर्षे मिळतात. वहीत ‘पुश – ढकलणे’ अशी ओळ लिहून घेणे या सत्रापासून बंद करा. क्रियापद, नाम आणि मधला छोटा शब्द यांसह पूर्ण वाक्य लिहून घ्या. मुलांची चुकलेली वाक्येही, त्यांची नावे वगळून, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांत ती छापू आणि त्यांवर चर्चा करू.