सहा महिन्यांचे पाहुणपण

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे अथवा मुलीकडे जाऊन काही महिने राहून येणे, ही गोष्ट आता आपल्या मध्यम स्थितीतील कुटुंबांत नवलाची राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या घरांची गोष्ट सोडाच. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील आमच्या घाटनांदुरासारख्या लहान गावीही, ज्या घरचा मुलगा शिकून अमेरिकेस गेला, त्या घरी उन्हाळा लागला की आजी-आजोबांच्या प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. मेतकूट-भाजणीचे डबे भरले जातात, औषधांच्या पुड्या मोजल्या जातात, अंबाजोगाईस जाऊन योगेश्वरीचे दर्शन घेतले जाते, आणि सारे घर स्थानकापर्यंत पोहोचवावयास जाते. या साऱ्या तयारीत एकच गोष्ट बहुधा राहून जाते. ती म्हणजे परत केव्हा यावयाचे, याचा निश्चय. आणि आमच्या मते सर्वांत आधी ठरवावयाची गोष्ट तीच होय.

कारण पाचवा महिना संपत आला की निरोपाची भाषा बदलू लागते. “बाळाची शाळा सुरू होईपर्यंत राहा,” असे सून म्हणते. “एवढ्या लांब आलात, आता हिवाळा पाहूनच जा,” असे चिरंजीव म्हणतात. मग स्नेहीमंडळींचे सल्ले येतात. एक म्हणतो, मुदत वाढवून देण्याचा अर्ज करा. दुसरा म्हणतो, अर्ज कशाला, चार दिवस कॅनडात जाऊन या, म्हणजे नवे सहा महिने आपोआप मिळतील. तिसरा म्हणतो, थोडे दिवस अधिक झाले तर म्हाताऱ्या माणसांस कोण विचारतो! या तीन सल्ल्यांपैकी पहिला कायदेशीर आहे, दुसरा बहुतांशी गैरसमजाचा आहे, आणि तिसरा घातुक आहे.

सीमा आणि परवाने या गोष्टी आपल्या भागास नव्या नव्हेत. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत घाटनांदूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथून नगरास वा सोलापुरास जाणारा मनुष्य इंग्रजी मुलखात जात असे. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार रुपया, आणि मालावर करोडगिरीचा कर भरावा लागे. परंतु लेकीकडे किती दिवस राहणार, असे त्याला नाक्यावर कोणी विचारीत नसे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आडकाठी होती ती समाजाची. हिंदुस्थानात पासपोर्टाचा कायदाच मुळी १९२० साली झाला. पुढे अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आपल्या लोकांस दार लावले, १९४६ साली वर्षाकाठी शंभर माणसांपुरते ते किलकिले केले, आणि १९६५ च्या कायद्यानंतर आपले डॉक्टर व इंजिनियर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. आज समुद्र ओलांडणाऱ्यास समाज हार घालतो. पण त्याच्या मुक्कामाची तारीख राजसत्ता ठरविते. समाजाची बंदी मोडणारास प्रायश्चित्त घेऊन सुटता येत असे. मुदत मोडणारास इतकी सोपी वाट नाही.

या विषयातला पहिला घोटाळा ‘व्हिसा’ या शब्दापाशीच होतो. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून आपल्या लोकांस पाहुण्यांचा म्हणून जो व्हिसा मिळतो, तो बहुधा दहा वर्षांचा असतो. त्यावरून दहा वर्षांत वाटेल तितके राहता येते, अशी अनेकांची समजूत होते. वस्तुतः व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची मुभा. आत किती दिवस राहावयाचे, हे विमानतळावरील अधिकारी त्या वेळी ठरवितो, आणि पाहुण्यांस तो साधारणतः सहा महिने देतो. देवळाचे दार उघडे असले म्हणून गाभाऱ्यात बिछाना घालता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. ही तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी तिचा कागदी तुकडा पासपोर्टास जोडून मिळे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची नोंद संगणकावरच होते. म्हणून पोहोचल्याबरोबर मुलाने सरकारी संकेतस्थळावर ती तारीख पाहावी, तिथल्या दिनदर्शिकेवर लिहावी, आणि इकडे घरीही कळवावी.

आता मुदतवाढीविषयी. तिच्यासाठी ‘आय-५३९’ हा अर्ज आहे. तो मूळ तारीख उलटण्यापूर्वीच पोहोचला पाहिजे. निदान ४५ दिवस आधी करावा, असे तेथील खात्याचे सांगणे आहे. अधिक राहण्याचे कारण काय, खर्च कोण करणार, आणि आपले घरदार मायदेशी आहे व आपण परतणार आहो याचा पुरावा कोणता, या तीन गोष्टी त्यात सांगाव्या लागतात. अर्ज वेळेत केला असेल, तर निकाल लागेपर्यंतचे राहणे बेकायदा म्हणून मोजले जात नाही. मात्र नकार आल्यास तत्काळ निघावे लागते. निकालास कित्येकदा इतके महिने लागतात, की मागितलेली वाढ उपभोगून मनुष्य घरी परततो तरी उत्तर आलेले नसते. सुनेचे बाळंतपण अवघड झाले, आजोबांवरच शस्त्रक्रिया करावी लागली, अशा खऱ्या अडचणीसाठी ही सोय आहे. २०२० च्या मार्चअखेर भारताने परदेशची प्रवासी विमाने बंद केली; ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ची विमाने सुरू झाली, तरी नेहमीची वाहतूक २७ मार्च २०२२ पर्यंत पूर्ववत झाली नव्हती. त्या दिवसांत ज्या मातापित्यांची मुदत संपत होती, त्यांस हाच अर्ज उपयोगी पडला.

दुसरी युक्ती सीमा ओलांडून येण्याची. अमेरिकेतून कॅनडा वा मेक्सिको येथे तीस दिवसांच्या आत जाऊन परतले, तर सामान्यतः जुनीच तारीख कायम राहते. नायगरा पलीकडच्या काठावरून पाहिल्याचे पुण्य तेवढे पदरी पडते. आणि त्या फेरीसाठीही कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतोच. युरोपातील शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जर्मनीतून फ्रान्सात गेल्याने गणती थांबत नाही, कारण या हिशोबी ते सारे एकच घर आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे येण्याजाण्याची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर होऊ लागली. एकेकाळी दुबईस कामाच्या शोधात आलेले कित्येक परदेशी लोक मुदत संपली की इराणच्या किश बेटावर जात आणि नवा व्हिसा येईपर्यंत तेथे वाट पाहत बसत. पोटासाठी धडपडणाऱ्या तरुणाने ते सोसले असेल. पण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजीला नातवाच्या सोयीसाठी असे सीमेवरून फिरवून आणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. शिवाय सहा महिने राहून घरी आले आणि दोन महिन्यांत पुन्हा निघाले, तर दारावरचा अधिकारी विचारतोच, “आपण राहता तरी कोठे?” प्रश्न उद्धट वाटला तरी अन्यायाचा नाही. वर्षातले आठ महिने जो दुसऱ्याच्या देशात काढतो, त्याने स्वतःस पाहुणा म्हणविणे कठीणच.

तिसऱ्या सल्ल्याची फळे तर स्पष्ट लिहिलेली आहेत. मुदतीपलीकडे राहिले की तो व्हिसा रद्द समजला जातो. १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून अधिक पण वर्षाच्या आत बेकायदा राहून जो निघाला, त्यास तीन वर्षे, आणि वर्ष वा त्याहून अधिक राहिला त्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाही. पंचाहत्तरीच्या माणसास दहा वर्षे म्हणजे काय, हे सांगावयास नको. नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी मोडलेली मुदत त्याच्या मुंजीस मुकविते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की गरज जर दीर्घकाळची असेल, तर तिला पाहुणपणाचे वस्त्र नेसवू नये. तिच्यासाठी जो मार्ग आहे तो उघडपणे धरावा. कॅनडाने २०११ साली आईवडिलांसाठी व आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ काढला. एका वेळी दोन वर्षे राहण्याची त्याची मुभा २०२२ साली पाच वर्षांपर्यंत वाढविली. त्यास निदान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा वैद्यकीय विमा लागतो, आणि मुलाचे उत्पन्नही पाहिले जाते. ऑस्ट्रेलियात पाहुण्याच्या व्हिसावर ‘८५०३’ क्रमांकाची अट असेल, तर तेथे राहून मुदत वाढवून मागता येत नाही; परंतु २०१९ पासून आईवडिलांसाठी तीन वा पाच वर्षांचा निराळा व्हिसा आहे. अमेरिकेत मुलगा नागरिक व एकवीस वर्षांचा असेल, तर तो आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकतो. मात्र ते कार्ड तेथे खरोखर राहणाऱ्यासाठी आहे; ते पेटीत ठेवून घाटनांदुरास वर्षामागून वर्षे राहिले, तर ते हातचे जाते.

येथे खरा प्रश्न येतो, आणि तो कायद्याचा नसून घराचा आहे. मुदत वाढवावयाची ती कोणाच्या इच्छेने? बाळंतपणासाठी बोलाविलेली आजी पुढे पाळणाघराची जागा भरून काढते. दोघे नोकरीस जातात, दिवसभर घर बंद, बाहेर बर्फ, बोलावयास शेजार नाही. तरी ती ‘राहते’ म्हणते, कारण नाही म्हणणे तिला कधी शिकविलेच नाही. इकडे धाकटा भाऊ मृगाची पेरणी आणि सोयाबीनची काढणी एकटा उरकतो, देवघरातील नवरात्र त्याची बायको सांभाळते, आणि आजोबांच्या निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची काळजीही त्यालाच. मुक्काम दोन महिन्यांनी वाढला, असा एक फोन आला की तिकडे आनंद होतो, आणि इकडचे घर मुकाट्याने भार उचलते. एकत्र कुटुंबाचा धर्म हा, की असा निर्णय दोन्ही चुलींनी मिळून घ्यावा. आणि त्यात पहिला शब्द त्या आजीचा असावा. तिला एकटीला, सून-मुलगा समोर नसताना, विचारावे. तिला राहावेसे मनापासून वाटत असेल, तर तिच्यासाठी कायद्याने मोकळ्या असलेल्या सर्व वाटा धुंडाळाव्या. वाटत नसेल, तर पाचवा महिना संपण्यापूर्वी तिकीट तिच्या हाती द्यावे.

निघण्यापूर्वीच परतीची तारीख ठरवावी, आणि ती मिळणाऱ्या मुदतीच्या दोन-तीन आठवडे अलीकडची धरावी. म्हणजे आजारपण किंवा विमानाचा खोळंबा झाला तरी धावपळ होत नाही. औषधे त्या तारखेपलीकडे महिनाभर पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावी. विमा घेताना जुन्या दुखण्यांचा खर्च त्यात येतो की नाही, ते वाचून पाहावे. पुष्कळदा तो येत नाही. आणि तारीख एकदा ठरल्यावर ती दोन्ही घरांनी पाळावी.

जो एक रात्र राहतो तो अतिथी, असे मनूने म्हटले आहे. आपल्या मुलाच्या घरी आपण अतिथी कसे, असे कोणी म्हणेल. मुलाच्या घरी नसू, पण त्याने पत्करलेल्या देशात आहोच. दसऱ्यास सीमोल्लंघन करणारे आपले लोक सीमेपलीकडेच राहत नाहीत. सोने घेऊन परत येतात, ते वडीलधाऱ्यांच्या हाती देतात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा जातात. वेळेवर परतलेल्यासच पुन्हा जाण्याचा मार्ग मोकळा राहतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.